वेम्बलीच्या वाटेवरची दोन शहरे

लंडन पाहावयास जाणाऱ्या आपल्याकडील प्रवाशाच्या यादीत वेम्बलीचे नाव सहसा अगदी शेवटी असते. थेम्स नदीवरचे पूल, जुना किल्ला, पार्लमेंटची इमारत, ब्रिटिश म्युझियम हे सारे पाहून झाले आणि हाताशी एखादा दिवस उरला, तर माणूस शहराच्या वायव्येकडील या उपनगराकडे वळतो. पण एकदा वळला की त्याला तेथे परके म्हणून वाटत नाही. ईलिंग रोडवर साड्यांची, दागिन्यांची आणि फरसाणाची दुकाने ओळीने मांडलेली आहेत. कोरीव दगडांचे एक भव्य मंदिर २०१० पासून त्याच रस्त्यावर उभे आहे. आणि वेम्बली पार्क स्थानकापासून भुयारी गाडीने दोन स्थानके पुढे गेले की डॉलिस हिल लागते, जेथे १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे.

वेम्बली पार्क स्थानकाबाहेर पाऊल टाकताच समोर रुंद पायऱ्या दिसतात. त्या उतरल्या की केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला एक सरळ रस्ता लागतो. त्याच्या टोकाला १३३ मीटर उंचीची पोलादी कमान आकाशात वाकलेली आहे आणि तिच्याखाली ९०,००० माणसे बसू शकतील असे क्रीडांगण आहे. हे क्रीडांगण नवे, म्हणजे २००७ सालचे. त्याच जागी पूर्वी दोन पांढऱ्या मनोऱ्यांचे जुने क्रीडांगण होते. ते १९२३ साली खुले झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या परिसरात ब्रिटिश साम्राज्याचे प्रचंड प्रदर्शन भरले. वसाहतींचे वैभव जगाला दाखवावे असा त्या प्रदर्शनाचा हेतू होता, आणि त्यात हिंदुस्थानचेही एक दालन होते.

त्यानंतर चोवीस वर्षांनी, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, याच मैदानावर किशनलालच्या नेतृत्वाखालील भारतीय हॉकी संघाने ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ब्रिटनचा ४–० असा पराभव केला. स्वातंत्र्याला एक वर्ष पूर्ण व्हावयास तेव्हा तीनच दिवस उरले होते. साम्राज्याच्या नावाने बांधलेल्या मैदानावर तिरंगा चढला तो असा. जुने मनोरे २००३ मध्ये पाडले गेले, परंतु या जागेचा गुण काही बदललेला नाही. लहानांनी मोठ्यांच्या दारात यावे आणि आपले नाव सांगावे, यासाठीच जणू ही जागा आहे.

इंग्लंडमधील माणसाला वेम्बली म्हटले की आठवतो तो फुटबॉल. त्यातही मे महिन्याच्या शेवटी तेथे एक असा सामना होतो की, ज्यात देशातले सर्वांत बलाढ्य संघ कधीच नसतात. त्यात ना कोणते राष्ट्रीय अजिंक्यपद मिळते, ना जगभर मिरवावा असा चषक. तरीही त्या दिवशी दोन शहरे ओस पडतात. हा सामना म्हणजे वरच्या वर्गात बढती मिळवण्याचा अंतिम सामना.

इयत्तांची शिडी

इंग्लंडमधील फुटबॉलची रचना आपल्या शाळेतील इयत्तांसारखी आहे. सर्वांत वर प्रीमियर लीग. तिच्यात वीस संघ. तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू या तीन इयत्ता; प्रत्येकीत चोवीस संघ. त्याहीखाली छोट्या शहरांचे आणि गावांचे शेकडो संघ. वर्षाच्या शेवटी प्रत्येक इयत्तेतले पहिले काही संघ वर जातात आणि तळाचे काही संघ खाली उतरतात. कोणाचीही जागा वंशपरंपरेने पक्की नाही. कितीही जुना आणि नावाजलेला क्लब असो, वर्षभर खेळ वाईट झाला तर त्याला खालच्या बाकावर जाऊन बसावे लागते. आणि कितीही लहान गावाचा क्लब असो, त्याला वर चढण्यास मज्जाव नाही. आपल्याकडेही २०२३ साली आय-लीग जिंकणारा पंजाबचा संघ खेळाच्या बळावर इंडियन सुपर लीगमध्ये बढती मिळवणारा पहिला संघ ठरला, तेव्हा ही कल्पना आता आपल्या वाचकांना अगदी अनोळखी नाही.

चॅम्पियनशिपमध्ये प्रत्येक संघाला वर्षभरात ४६ सामने खेळावे लागतात. पहिले दोन संघ आपोआप वर जातात. तिसरी जागा मात्र वेगळ्या रीतीने भरण्याची प्रथा १९८७ साली सुरू झाली. आज आपण ज्या सामन्याची हकीकत पाहणार आहोत त्या २०२३ सालच्या नियमानुसार तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या चार संघांमध्ये पुन्हा चुरस लावली गेली, आणि त्यातून उरलेले दोन संघ वेम्बलीवर एकमेकांसमोर आले. १९९० पासून हा अंतिम सामना वेम्बलीवर होत आला आहे. नव्या बांधकामाच्या काळात, म्हणजे २००१ ते २००६, तो तेवढा वेल्समधील कार्डिफ येथे खेळला गेला.

या सामन्याला जगातील सर्वांत मोलाचा सामना म्हणतात, आणि ते पैशाच्या दृष्टीने खोटे नाही. २०२३ साली जिंकणाऱ्या क्लबला पुढील तीन वर्षांत किमान १७ कोटी पौंडांची वाढीव प्राप्ती होईल, असा हिशेब जाणकारांनी मांडला होता. वर्तमानपत्रे दरवर्षी हाच आकडा ठळक छापतात. परंतु उन्हात उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या कारागिराला, निवृत्त शिक्षकाला किंवा शाळकरी मुलीला त्यातला एक पौंडही मिळावयाचा नसतो. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी का येते? याचे उत्तर वेम्बलीत सापडत नाही. त्यासाठी ते लोक जेथून आलेले असतात, त्या शहरांत जावे लागते. २७ मे २०२३ च्या सामन्यातली दोन शहरे होती ल्युटन आणि कॉव्हेंट्री.

टोप्यांचे गाव

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून उत्तरेकडे जाणारी गाडी तासाभराच्या आत ल्युटनला पोहोचते. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. विमानतळामुळे हे नाव पुष्कळ प्रवाशांच्या कानांवरून गेलेले असते, पण शहरात पाऊल ठेवणारे थोडे. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे येथील वस्ती सव्वादोन लाखांची आहे.

या गावाची प्रसिद्धी टोप्यांमुळे झाली. भोवतालच्या खडूमिश्रित जमिनीत पिकणाऱ्या गव्हाचे काड चांगल्या प्रतीचे असे. ते चिरून, भिजवून त्याच्या वेण्या विणावयाच्या आणि त्या वेण्या गोलाकार शिवून टोपी करावयाची, हा उद्योग सतराव्या शतकापासून या भागात चालू होता. खेड्यापाड्यांतील स्त्रिया घरकाम करता करता, मुलांकडे लक्ष ठेवता ठेवता, वाटेने चालतासुद्धा वेण्या विणीत. नेपोलियनच्या युद्धांमुळे परदेशी माल येईनासा झाला, तेव्हा तर वेणी विणणारी बाई शेतावर राबणाऱ्या नवऱ्यापेक्षा अधिक कमावू लागली. पुढे चीन आणि जपानमधून स्वस्त वेण्या आल्या आणि खेड्यांतला हा धंदा बसला. पण टोपी शिवण्याचे कारखाने ल्युटनमध्ये टिकून राहिले. १८८५ साली येथे फुटबॉलचा क्लब निघाला, तेव्हा लोकांनी त्याला टोपीवाले हेच टोपणनाव दिले, आणि ते आजही चालते. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र माणसांनी डोक्यावर टोपी घालणेच सोडले. कारखाने एकामागून एक बंद पडले.

टोप्या गेल्या तरी ल्युटनला मोटारींचा आधार होता. व्हॉक्सहॉल कंपनीने १९०५ साली आपला कारखाना लंडनमधून येथे हलविला होता. महायुद्धात या कारखान्याने चर्चिल रणगाडे बनविले, आणि युद्धानंतर हजारो कुटुंबांची चूल त्याच्यावर पेटली. याच काळात भारतीय उपखंडातून, विशेषतः काश्मीरच्या मीरपूर भागातून आणि पूर्व बंगालमधून, कामासाठी माणसे आली. ती बरी पार्क या भागातील लाल विटांच्या चिंचोळ्या घरांत राहू लागली. आज ल्युटनमधील तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोक आशियाई वंशाचे आहेत. बरी पार्कमधून जाणाऱ्या डन्स्टेबल रोडवर फिरताना गरम मसाल्याचा वास येतो, आंब्याच्या पेट्या रचलेल्या दिसतात आणि मशिदीतून परतणारी माणसे भेटतात.

याच वस्तीच्या पोटात केनिलवर्थ रोड हे ल्युटन टाउन क्लबचे मैदान आहे. क्लब तेथे १९०५ पासून खेळत आला आहे. आपल्याकडील एखाद्या दाट वस्तीत जसे मंदिर चहूबाजूंनी घरांनी वेढलेले असते, तसे हे मैदान घरांनी वेढलेले आहे. ओक रोडवरील घरांच्या रांगेत, दोन घरांमध्ये जेथे बोळ असावा तेथे, एक प्रवेशद्वार आहे. पाहुण्या संघाचे पाठीराखे त्यातून आत शिरतात आणि लोखंडी पायऱ्या चढून थेट लोकांच्या परसांवरून पुढे जातात. कोणाच्या दोरीवर कपडे वाळत असतात, कोणाच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो. २०२३ साली या मैदानात जेमतेम दहा हजार माणसे मावत होती. वेम्बलीत मावतील त्याच्या नवव्या हिश्शाइतकी!

या क्लबने चांगले दिवसही पाहिले होते. १९८८ साली त्याने वेम्बलीवर बलाढ्य आर्सेनलला ३–२ असे नमवून लीग चषक जिंकला होता. परंतु १९९२ मध्ये, नवी प्रीमियर लीग सुरू होण्याच्या नेमक्या तोंडावर, तो सर्वोच्च वर्गातून खाली आला. नव्या शतकात त्याची घसरण वेगाने झाली. २००७, २००८ आणि २००९ अशी ओळीने तीन वर्षे तो एकेक इयत्ता खाली उतरला. शेवटच्या वर्षी तर जुन्या कारभाऱ्यांचे गैरव्यवहार आणि दिवाळखोरी यांबद्दल शिक्षा म्हणून संघाचे तीस गुण आधीच कापले गेले होते. मैदानावर खेळून भरून काढण्यासारखी ती तूट नव्हती. जे पाप खेळाडूंनी केले नव्हते, त्याचे प्रायश्चित्त खेळाडूंना आणि गावाला घ्यावे लागले. इंग्लिश लीगच्या चारही इयत्तांच्या बाहेर, छोट्या गावांच्या संघांशी खेळत, या क्लबने पाच वर्षे काढली. बढतीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचूनही तो २०११ मध्ये पेनल्टींवर हरला आणि २०१२ मध्ये वेम्बलीवर हरला.

मात्र या पडत्या काळात एक गोष्ट चांगली झाली. २००८ साली क्लबच्या चाहत्यांनीच एकत्र येऊन त्याचा कारभार हाती घेतला. ऐपतीबाहेर खर्च करावयाचा नाही, हा गृहस्थी नियम त्यांनी पाळला. २०१४ मध्ये संघ पुन्हा लीगमध्ये आला, २०१८ मध्ये चौथ्या इयत्तेतून तिसरीत आणि २०१९ मध्ये दुसरीत गेला. पाचव्या पायरीवर असताना दाखल झालेला पेली रडक म्पान्झू हा खेळाडू या साऱ्या चढणीत संघाबरोबरच होता.

सायकलींचे शहर

दुसरे शहर कॉव्हेंट्री. लंडनच्या यूस्टन स्थानकावरून तेथे जाण्यास साधारण तास लागतो. हे शहर ल्युटनपेक्षा मोठे आणि पुष्कळ जुने आहे. प्रजेवरील करांचे ओझे उतरावे म्हणून नवऱ्याची विचित्र अट मान्य करून घोड्यावरून नगरातून गेलेली लेडी गोडायव्हा याच गावची; भर चौकात तिचा पुतळा आहे.

आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर धावणाऱ्या सायकलीचे मूळ शोधीत गेले तर तेही कॉव्हेंट्रीतच सापडते. सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी, अशी रोव्हर नावाची सायकल जॉन केम्प स्टार्ली याने येथे १८८५ साली बाजारात आणली. त्याआधी दोन वर्षे, १८८३ मध्ये, सिंगर सायकल कारखान्यातील कामगारांनी आपला फुटबॉल संघ काढला होता. १८९८ साली त्याच संघाचे नाव कॉव्हेंट्री सिटी असे झाले. सायकलीमागून मोटारी आल्या आणि शहर संपन्न झाले.

या संपन्नतेवरच घाला पडला. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर जो बाँबवर्षाव केला, त्यात पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि मध्ययुगीन कॅथीड्रल जळून गेले. शहराने त्या भिंती पाडल्या नाहीत आणि त्यांवर नवे बांधकामही चढविले नाही. बेझिल स्पेन्स या वास्तुशिल्पकाराने आखलेले नवे कॅथीड्रल जुन्या भग्नावशेषांना लागूनच उभारले गेले आणि १९६२ च्या मे महिन्यात ते उपासनेसाठी खुले झाले. आजचा प्रवासी छप्पर नसलेल्या जुन्या भिंतींमधून चालत नव्या मंदिरात जातो. जळलेल्या वेदीमागील भिंतीवर क्षमा मागणारे दोनच शब्द कोरलेले आहेत. ती क्षमा कोणासाठी मागितली आहे, हे त्यात सांगितलेले नाही. आपपरभाव तेथे मुद्दाम वगळला आहे. पुढे ज्या जर्मन शहरावर दोस्त राष्ट्रांनी तसाच अग्निवर्षाव केला, त्या ड्रेस्डेनशी कॉव्हेंट्रीने भगिनीनाते जोडले.

युद्धानंतर शहर पुन्हा उभे राहिले. १९६७ साली आकाशी निळ्या पोशाखातला त्याचा संघ सर्वोच्च वर्गात गेला आणि तेथे सलग चौतीस वर्षे टिकला. १९८७ मध्ये त्याने वेम्बलीवर टॉटनहॅमचा ३–२ असा पराभव करून एफ. ए. चषकही जिंकला. पुढे येथेही तीच कहाणी घडली. मोटारींचे मोठमोठे कारखाने बंद होत गेले आणि २००१ मध्ये संघ खाली आला. जुने मैदान विकले गेले. नव्या मैदानाच्या भाड्यावरून तंटे झाले. त्यापायी २०१३-१४ चे वर्ष संघाला आपले ‘घरचे’ सामने पन्नासहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या नॉर्दॅम्प्टन येथे खेळावे लागले, आणि २०१९ पासून दोन वर्षे बर्मिंगहॅममध्ये. घर असून बिऱ्हाडकरूसारखे राहण्याचे दुःख ज्या कुटुंबांनी भोगले आहे, त्यांना याविषयी अधिक सांगावयास नको.

२०१७ मध्ये संघ चौथ्या इयत्तेत पोहोचला. मार्क रॉबिन्स या प्रशिक्षकाने तेथून त्याला हात धरून वर आणले. २०२२-२३ च्या हंगामाच्या आरंभी तर संघ चॅम्पियनशिपच्या तळाला होता. मैदानाची हिरवळ खराब झाल्यामुळे घरचे पहिले सामने पुढे ढकलावे लागले होते. तरी वर्षअखेर तो पाचव्या क्रमांकावर आला. ल्युटन तिसऱ्या क्रमांकावर होता. पाचच वर्षांपूर्वी हे दोन्ही संघ चौथ्या इयत्तेत एकाच वर्गात बसत होते. आता दोघांपैकी एकाला सर्वांत वरच्या वर्गाचे दार उघडणार होते.

एका दुपारची कसोटी

२७ मे २०२३ हा शनिवार होता. वेम्बलीच्या रस्त्यावर अर्धी गर्दी नारिंगी आणि अर्धी आकाशी होती. त्या दिवशी मैदानात ८५,७११ प्रेक्षक होते. ज्या क्लबच्या स्वतःच्या मैदानात जेमतेम दहा हजार मावत, त्याचे त्याहून कितीतरी अधिक लोक आज आले होते. आजोबांना हाताला धरून नातवंडे आली होती, आणि काही ठिकाणी नातवंडांना हाताला धरून आजोबा.

सामना सुरू होऊन काही मिनिटेच झाली होती, तोच ल्युटनचा कर्णधार टॉम लॉकयर कोणाचाही धक्का न लागता मैदानावर कोसळला. क्षणात सारे क्रीडांगण स्तब्ध झाले. त्याला झोळीवरून बाहेर नेऊन रुग्णालयात हलविण्यात आले. तो शुद्धीवर आहे हे कळल्यावर खेळ पुढे सुरू झाला. तो हृदयाचा विकार होता हे मागाहून निष्पन्न झाले. कर्णधाराविना खेळणाऱ्या ल्युटनने तेविसाव्या मिनिटाला पहिला गोल केला. एलायजा अडेबायोने चेंडू मागे दिला आणि जॉर्डन क्लार्कने तो जाळ्यात धाडला. मध्यंतरानंतर कॉव्हेंट्रीचा जोर वाढला. सहासष्टाव्या मिनिटाला व्हिक्टर ग्योकेरेशने दिलेल्या चेंडूवर गुस्ताव्हो हामरने अचूक फटका मारून बरोबरी साधली.

नव्वद मिनिटे संपली, जादा वेळ सुरू झाला. तो संपत आला असता ल्युटनचा तरुण खेळाडू जो टेलर याने गोल केला आणि नारिंगी बाजू उसळून उठली. पण चित्रफीत तपासल्यावर चेंडू त्याच्या हाताला लागल्याचे दिसून आले आणि गोल रद्द झाला. मनुष्याच्या सुखाचे आयुष्य किती असते, याचे मोजमाप त्या दोन मिनिटांत झाले.

अखेर निर्णय पेनल्टींवर गेला. गोलापासून अकरा मीटरवर चेंडू ठेवावयाचा, समोर एकटा गोलरक्षक, आणि मारणारा एकटा. ४६ सामन्यांची मेहनत, कित्येक वर्षांची वाट पाहणे, एका शहराची आशा, सारे त्या एका पावलात येऊन थांबते. दोन्ही संघांनी पाच पैकी पाच गोल केले. ल्युटनचा सहावा फटका मारावयास डॅन पॉट्स आला. किशोरवयात रक्ताच्या कर्करोगातून बरा झालेला हा खेळाडू, क्लब चौथ्या इयत्तेत असताना २०१५ साली ल्युटनमध्ये आला होता. त्याने गोल केला. नंतर कॉव्हेंट्रीचा फँकाटी डॅबो पुढे झाला. त्याने मारलेला चेंडू आडव्या दांडीच्या वरून निघून गेला.

ल्युटन ६–५ असा जिंकला. एकतीस वर्षांनंतर टोप्यांचे गाव सर्वोच्च वर्गात परतले. पाचव्या पायरीपासून पहिल्या पायरीपर्यंत एकाच क्लबच्या पोशाखात चढणारा पहिला खेळाडू, हा मान म्पान्झूला मिळाला. आपल्या कर्णधाराचे नाव असलेला अंगरखा उंच धरून खेळाडूंनी आनंद केला. कर्णधार मात्र रुग्णालयातील पलंगावर होता.

आणि दुसऱ्या टोकाला डॅबो होता. त्याचा क्लबशी असलेला करार त्याच उन्हाळ्यात संपला, तेव्हा कॉव्हेंट्रीसाठी त्याने मारलेला तो शेवटचाच फटका ठरला. वर्षभर त्याने काय काय केले ते विसरून केवळ तेवढा एक फटका लक्षात ठेवणे सोपे आहे. परंतु हा संघ वर्षाच्या आरंभी तळाला होता आणि इतरांसह त्याच्याही धावण्याने तो वेम्बलीपर्यंत आला, हेही तितकेच खरे. भग्न भिंतीवर क्षमेचे शब्द कोरणाऱ्या शहराला हे समजावून सांगावे लागू नये.

वर चढून काय मिळाले?

ल्युटनच्या पुढील प्रवासाचा हिशेब केला तर तो थोडक्यात आटोपतो. केनिलवर्थ रोडच्या एका बाजूची तातडीने पुनर्बांधणी करावी लागली आणि ती वेळेत न झाल्यामुळे घरचा पहिलाच सामना पुढे ढकलावा लागला. लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर सिटी अशा जगप्रसिद्ध संघांचे पाठीराखे ओक रोडवरील त्या चिंचोळ्या दारातून, दोऱ्यांवरच्या कपड्यांशेजारून पायऱ्या चढून गेले. लिव्हरपूलला तेथे १–१ अशा बरोबरीवर समाधान मानावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये बोर्नमथच्या मैदानावर लॉकयर पुन्हा कोसळला. या वेळी त्याचे हृदयच थांबले होते. वैद्यकीय पथकाने त्याचे प्राण वाचविले, आणि सामना तेथेच थांबविण्यात आला. मे २०२४ मध्ये ल्युटन खाली उतरला. मे २०२५ मध्ये आणखी एक पायरी उतरला. त्याआधी दोनच महिने, मार्च २०२५ मध्ये, व्हॉक्सहॉलचा कारखानाही बंद झाला. मोटारींची बांधणी तेथे २००२ मध्येच थांबली होती. आता व्हॅन बनविण्याचे कामही संपले. एकशे वीस वर्षांचा भोंगा थांबला.

मग वर चढून मिळाले काय, असे कोणी विचारील. पैसे आले आणि खर्चही झाले. क्रमांक आला आणि गेला. परंतु ज्या शहराची टोपी गेली, मोटार गेली, ज्याचे नाव विमानाच्या तिकिटापुरते उरले होते, त्या शहरातील मुलांनी एक पूर्ण वर्ष आपल्या घराच्या मागच्या गल्लीत जगातले उत्तम खेळाडू उतरताना पाहिले. बरी पार्कमधील दुकानदार आणि तीन पिढ्यांपासून नारिंगी रंग जपणारा जुना टोपीवाला यांना बोलावयास एक सामाईक विषय मिळाला. कारखाना गावाला पोट देतो आणि नावही देतो. तो बंद पडला की पोटासाठी माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. नाव मात्र गावातच राहावे लागते. ते टिकविण्याचे काम अशा वेळी एखादा फुटबॉलचा संघ करतो.

वेम्बलीला जाणाऱ्या प्रवाशाने म्हणूनच कमान पाहून तेथूनच परत फिरू नये. सवड असेल तर त्याने एक दिवस ल्युटनला आणि एक दिवस कॉव्हेंट्रीला द्यावा. ओक रोडवरील ते दार आणि कॉव्हेंट्रीतील त्या उघड्या भिंती पाहिल्या, म्हणजे मे महिन्यातील त्या एका दुपारी एवढी माणसे का रडतात, आणि हरल्यावरही पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा तोच रंग अंगावर चढवून मैदानाकडे का निघतात, हे त्याच्या आपोआप ध्यानात येईल.